लाल गालिच्यावरील उसनवारी

मार्च महिन्यातील एखाद्या मंगळवारी मराठी दैनिकाचे चित्रपटविषयक पान उघडावे, तर लॉस एंजेलिस येथे पार पडलेल्या ऑस्कर पारितोषिक समारंभाची वार्ता आणि तिच्या शेजारी जमिनीवर लोळणारा घोळदार पोशाख परिधान केलेल्या एखाद्या अभिनेत्रीचे रंगीत छायाचित्र हटकून दृष्टीस पडते. आणि कोणत्या चित्रपटास कोणते पारितोषिक मिळाले हे वाचून होण्यापूर्वीच घरातील कोणीतरी त्या छायाचित्रावर बोट ठेवून विचारते की, हे एवढे किमती वस्त्र या बाईंनी एका संध्याकाळपुरते विकत घेतले असेल काय, आणि घेतले असेल तर उद्या त्याचे त्या काय करतील? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधू लागले की छायाचित्रात कोठेही न दिसणारा एक विस्तृत कारभार उलगडत जातो. त्यात वकील आहेत, शिंपी आहेत, सशस्त्र पहारेकरी आहेत, विमा कंपन्या आहेत आणि, आपल्याला सहसा ठाऊक नसते ते असे की, मुंबईच्या कारखान्यांत लाकडी चौकटीवर वाकून बसलेले भरतकाम करणारे कारागीरही आहेत. वस्तुस्थिती अशी आहे की त्या गालिच्यावर दिसणारे बहुतेक पोशाख आणि जवळजवळ सर्व मोठे रत्नालंकार ज्यांच्या अंगावर असतात त्यांच्या मालकीचे नसतात. ते मुदतीने आणलेले असतात आणि समारंभ संपताच मोजून परत करावयाचे असतात.

गालिचा आणि त्याचा रंग

सन्माननीय व्यक्तीच्या पायांखाली तांबडे वस्त्र अंथरण्याची कल्पना फार प्राचीन आहे. इ. स. पूर्व 458 मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या ईस्किलस या ग्रीक नाटककाराच्या 'अगामेम्नॉन' या नाटकात ट्रॉयचे युद्ध जिंकून परतलेल्या राजापुढे त्याची राणी जांभळट तांबडी वस्त्रे पसरते, आणि असा मान देवांनाच शोभतो या भयाने राजा त्यांवर पाऊल ठेवण्यास कचरतो. त्याचे हे भय समजण्यासाठी त्या काळी तो रंग कसा मिळत असे हे ध्यानात घेतले पाहिजे: समुद्रातील एका विशिष्ट जातीच्या गोगलगायींपासून तो थेंबाथेंबाने काढीत, आणि एका वस्त्रापुरत्या रंगासाठी हजारो जीव खर्ची पडत. असा रंग पायदळी तुडविणे म्हणजे प्रत्यक्ष संपत्ती तुडविणे होते. पुढे रासायनिक रंग निघाले आणि तांबडे कापड स्वस्त झाले, तरी त्याला चिकटलेला मान मात्र उतरला नाही. न्यूयॉर्क ते शिकागो धावणाऱ्या 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' या 1902 साली सुरू झालेल्या आगगाडीचे उतारू तांबड्या गालिच्यावरून चालत डब्यापर्यंत जात. चित्रपटसृष्टीत तो 1922 साली आला असे मानतात. त्या वर्षी सिड ग्राउमन या चित्रगृहचालकाने हॉलिवूडमधील आपल्या इजिप्शियन थिएटरात डग्लस फेअरबँक्स या नटाच्या 'रॉबिन हूड' या चित्रपटाचा पहिला खेळ केला, तेव्हा पाहुण्यांसाठी त्याने तो अंथरला होता.

ऑस्करचा पहिला समारंभ 1929 साली एका हॉटेलात, भोजनाच्या प्रसंगी झाला. तांबडा गालिचा त्यात 1961 साली आला, आणि 1966 साली हा समारंभ प्रथमच रंगीत दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आल्यावर त्या तांबड्या रंगाचा प्रभाव घरबसल्या पाहणाऱ्यांच्या लक्षात आला. 2023 साली मात्र संयोजकांनी, सहा दशकांहून अधिक काळ चालत आलेला शिरस्ता मोडून, फिकट शँपेन रंगाचा गालिचा पसंत केला. हॉलिवूड बुलेव्हार्ड या हमरस्त्यावरील रहदारी कित्येक दिवस आधी बंद करून तेथे मंडप उभारतात, गालिच्याच्या गुंडाळ्या पसरून जोडतात, आणि समारंभाच्या घटिकेपर्यंत त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन ठेवतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या 'मेट गाला' या समारंभाचा गालिचा अलीकडे काही वर्षे आपल्या केरळातून, आलप्पुळा जिल्ह्यातील एका विणकाम कारखान्यातून गेला आहे, हे येथे आवर्जून नोंदविण्यासारखे आहे. घायपाताच्या जातीतील सायसल या वनस्पतीच्या धाग्यापासून तो पांढरट रंगात विणतात, आणि त्यावरील चित्रकाम न्यूयॉर्कला पोचल्यावर करतात.

शिवणखात्याचा अंमल आणि त्याचा अस्त

उसनवारीची ही पद्धत का उत्पन्न झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. 1930 ते 1950 या काळात हॉलिवूडचे नटनटी मोठ्या चित्रसंस्थांच्या पगारी नोकरीत असत. त्यांनी कोणते चित्रपट करावेत हे जसे संस्था ठरवी, तसेच समारंभात कोणता पोशाख घालावा हेही तिचे शिवणखातेच ठरवी. या खात्यांच्या प्रमुखांपैकी सर्वांत कर्तबगार ठरलेल्या एडिथ हेड या बाईंनी वेशभूषेची आठ ऑस्कर पारितोषिके मिळविली, आणि तेवढी पारितोषिके आजवर दुसऱ्या कोणाही स्त्रीस मिळालेली नाहीत. 1955 साली ग्रेस केली हिने 'द कंट्री गर्ल' या चित्रपटासाठी पारितोषिक स्वीकारताना घातलेला फिकट निळ्या साटिनचा झगा एडिथ हेड यांनीच केलेला होता. त्या व्यवस्थेत नटीला स्वातंत्र्य नव्हते, पण चिंताही नव्हती.

1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रसंस्था आणि चित्रगृहे यांची एकत्र मालकी बेकायदा ठरविली, त्यानंतर दूरचित्रवाणी आली, आणि पुढील दोन दशकांत पगारी नटांची ती व्यवस्था हळूहळू मोडून पडली. शिवणखाते गेले, पण समारंभ राहिला. किंबहुना दूरचित्रवाणीमुळे तो पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक डोळ्यांपुढे आला. परिणामी 1970 आणि 1980 च्या दशकांत ज्याने त्याने आपापली तजवीज केली. कोणी दुकानातून तयार पोशाख आणला, तर 1990 साली किम बेसिंजर हिने स्वतः आखलेला, एका बाजूस बाही आणि दुसऱ्या बाजूस उघडा खांदा असलेला पोशाख घातला, आणि त्यावर वृत्तपत्रांनी बरीच टीका केली.

ही रिकामी जागा ज्याने अचूक हेरली तो इटलीचा जॉर्जिओ अरमानी. 1980 च्या दशकात त्याने बेव्हर्ली हिल्समध्ये दुकान थाटले, आणि नटनट्यांशी स्नेहसंबंध राखण्याकरिता तेथे खास माणसे तैनात केली. कोणाला काय हवे हे आधी विचारावे, मापे घ्यावीत, पोशाख पोचता करावा, आणि त्याबद्दल रक्कम मागू नये, असा त्याचा क्रम होता. 1990 च्या समारंभात मिशेल फायफरसह इतक्या जणांच्या अंगावर त्याचे कपडे दिसले की फॅशनच्या व्यवसायपत्राने त्या रात्रीस 'अरमानी पुरस्कार' असे नाव दिले. इतर फॅशनगृहांना या प्रयोगाचा अर्थ कळण्यास मुळीच विलंब लागला नाही.

पोशाख येतो कसा आणि जातो कोठे

आपल्याकडे घरच्या लग्नात नवरीच्या गळ्यात शेजारच्या काकूंचा लक्ष्मीहार घालीत, आणि वऱ्हाड परतताच तो मोजून, डबीत घालून, काकूंच्या हवाली करीत. हॉलिवूडची उसनवारी याच जातीची आहे. भेद एवढाच की काकू हार देत त्या स्नेहापोटी, आणि फॅशनगृह पोशाख देते ते छायाचित्रापोटी. त्या छायाचित्राची शक्ती किती असते हे 2000 साली ग्रॅमी या संगीत पारितोषिकांच्या समारंभात जेनिफर लोपेझ हिने व्हर्साचे या फॅशनगृहाचा हिरवा, खोल गळ्याचा पोशाख घातला तेव्हा दिसून आले. तो पाहण्यासाठी लोकांनी गूगलवर एवढे शोध घेतले की शब्दांऐवजी चित्रे शोधून देणारी सोय हवी हे त्या कंपनीस उमगले, आणि पुढील वर्षी ती सोय अस्तित्वात आली. ही हकिकत गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

या व्यवहारात मध्यस्थाचे काम स्टायलिस्ट करतो. अभिनेत्री कोणत्या प्रसंगी काय घालील हे ठरविणारा, त्यासाठी फॅशनगृहांशी पत्रव्यवहार करणारा, वस्तू ताब्यात घेऊन त्यांची पोच देणारा आणि शेवटी त्या सुखरूप परत करणारा असा हा जबाबदार कारभारी असतो. त्याचा मेहनताना पुष्कळदा अभिनेत्री देत नाही. चित्रपटाच्या प्रसिद्धीखर्चातून तो निर्मितीसंस्था देते. पॅरिसमध्ये जानेवारीत उंची वस्त्रांची प्रदर्शने भरतात, आणि त्याच सुमारास ऑस्करची नामांकनेही जाहीर होत असल्याने स्टायलिस्टची खरी धावपळ तेथून सुरू होते. प्रदर्शनात मॉडेलने घातलेला पोशाख बहुधा एकच असतो, त्याला नमुना किंवा सॅम्पल म्हणतात, आणि तो एकच नमुना पॅरिसहून लंडनला, लंडनहून लॉस एंजेलिसला असा पेटीतून फिरत असतो. नामांकन मिळालेल्या अभिनेत्रीसाठी मात्र फॅशनगृह पुष्कळदा स्वतंत्र पोशाख शिवून देते.

येथे एक अन्याय दडलेला आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. नमुना शिवला जातो तो उंच आणि अतिशय कृश मॉडेलच्या मापाने. म्हणून ज्या अभिनेत्रीचा बांधा सर्वसामान्य स्त्रीसारखा आहे, तिला तो चढतच नाही, आणि तिच्यासाठी मुद्दाम शिवावे एवढा उत्साह पुष्कळ फॅशनगृहे दाखवीत नाहीत. 2016 साली विनोदी अभिनेत्री लेस्ली जोन्स हिने, 'घोस्टबस्टर्स' या आपल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी कोणीही वेशकार आपल्याला पोशाख द्यावयास तयार नाही, असे जाहीरपणे सांगितले; तेव्हा ख्रिश्चन सिरिआनो हा वेशकार आपण होऊन पुढे आला आणि त्याने तिला लाल रंगाचा देखणा पोशाख शिवून दिला. उसने देणारा कोणाला देतो आणि कोणाला नाकारतो, यावरून या सबंध व्यवहाराची नीती पारखता येते, असे मला वाटते.

| चौकट : एका पोशाखाचा प्रवास |
|---|
| प्रथम रेखाचित्रे येतात व त्यांतून एक निवडले जाते. मग मापे घेऊन, मांजरपाटासारख्या स्वस्त सुती कापडाचा कच्चा पोशाख शिवून पाहतात. चुका सुधारावयाच्या त्या येथेच, कारण खऱ्या कापडास कात्री लागल्यावर माघार नाही. त्यानंतर भरतकाम, शिवण, अंगावर घालून दोनतीन चाचण्या, आणि समारंभाच्या दिवशी शिंपी सुईदोऱ्यासह हॉटेलात हजर. रात्र उलटताच पोशाख स्वच्छ करून फॅशनगृहाच्या संग्रहात जमा. 2015 साली लुपिता न्योंगो हिने ऑस्करला घातलेला, सुमारे 6,000 मोत्यांचा पोशाख हॉटेलच्या खोलीतून चोरीस गेला आणि काही दिवसांनी त्याच हॉटेलच्या स्नानगृहात सापडला. तेव्हापासून परतीचा बंदोबस्त किती महत्त्वाचा असतो हे सर्वांस ठाऊक झाले. |

अंगावर बसविण्याची विद्या

खांद्यावर पट्टी नाही, बाही नाही, आणि खाली कित्येक किलो वजनाचा भरजरी घेर, असा पोशाख घसरत कसा नाही, याचे अनेकांस आश्चर्य वाटते. त्याचे रहस्य बाहेरून दिसणाऱ्या वस्त्रात नसून आतल्या बांधणीत असते. पोशाखाच्या आत स्वतंत्र चोळीसारखा एक घट्ट भाग शिवलेला असतो, आणि त्यात पोलादाच्या किंवा प्लॅस्टिकच्या लवचीक पट्ट्या उभ्या घातलेल्या असतात. या भागाच्या आतल्या अंगास, कमरेच्या सर्वांत निरुंद जागी, न ताणणारी एक मजबूत फीत असते. बाहेरची चेन लावण्यापूर्वी ही फीत आकडे अडकवून घट्ट करतात. कमरेखाली नितंब रुंद होत जात असल्याने फितीस खाली सरकण्यास वाव राहत नाही. घेराचे वजन तिच्यामार्फत नितंबांवर टेकते, आणि उभ्या पट्ट्या वरच्या कापडास आधार देऊन ते खाली कोसळू देत नाहीत. सारांश, ज्या पोशाखाचा भार छातीने पेललेला वाटतो, तो वस्तुतः कंबर आणि नितंब पेलत असतात. उघड्या भासणाऱ्या पाठीवर वा खांद्यावर पुष्कळदा त्वचेच्या रंगाची, जवळजवळ अदृश्य अशी जाळी असते, आणि गळ्याच्या कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने अंगास जोडलेल्या असतात.

एवढ्या खटाटोपानंतर बसावयाचे कसे, ही नवी अडचण उभी राहते. बसले की साटिनला चुण्या पडतात, म्हणून काही जणी उंच छताच्या मोटारीत उभ्यानेच समारंभस्थळी जातात. 2024 च्या मेट गालात टायला या गायिकेचा वाळूने मढविलेला पोशाख इतका ताठर होता की तिला पायऱ्या चढता येईनात, आणि तिला उचलून वर न्यावे लागले.

डोळ्यांना दिसणारा पोशाख आणि कॅमेऱ्यास दिसणारा पोशाख यांतही अंतर असते. खोलीतील मंद, सर्व बाजूंनी येणाऱ्या प्रकाशात अपारदर्शक वाटणारे पातळ काळे कापड, छायाचित्रकाराच्या फ्लॅशचा प्रखर झोत समोरून पडताच पारदर्शक भासू लागते, कारण तो झोत विणीच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जाऊन त्वचेवर आदळतो आणि तेथून परत कॅमेऱ्याकडे फिरतो. म्हणून अनुभवी स्टायलिस्ट पोशाखाची चाचणी घेताना फ्लॅश लावूनच छायाचित्रे काढतो. चेहऱ्यावरील पावडरीचेही तसेच आहे. सिलिका या द्रव्याची अतिसूक्ष्म पूड आरशात दिसतही नाही, पण फ्लॅशचा प्रकाश ती सरळ कॅमेऱ्याकडे परतवते, आणि छायाचित्रात नाकाभोवती पांढरे डाग उमटतात. नामवंत अभिनेत्रींची अशी छायाचित्रे प्रसिद्ध झालेली आहेत, आणि त्यांत रंगभूषाकाराची चूक एवढीच की त्याने आरशावर विश्वास ठेवला.

हिऱ्यांचा बंदोबस्त आणि करारांची कलमे

ऑस्करसाठी रत्ने उसनी देण्याचा प्रघात 1944 साली न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन याने पाडला. त्या वर्षी पारितोषिक मिळविणाऱ्या जेनिफर जोन्स हिच्या अंगावर त्याचे हिरे होते. आज अशा प्रत्येक जिनसाचा स्वतंत्र विमा उतरवतात, देताघेताना सही घेतात, आणि मौल्यवान नगासोबत पहारेकरी धाडतात. 2019 साली गायिका लेडी गागा हिने ऑस्करला गळ्यात घातलेला टिफनी कंपनीचा पिवळा हिरा 128.54 कॅरट वजनाचा होता. तो 1877 साली दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या खाणीत सापडलेल्या 287.42 कॅरटच्या खड्यातून कापलेला आहे, आणि त्याआधी पारितोषिक समारंभात तो कोणीच घातला नव्हता.

उसनवारीच्या पुढची पायरी म्हणजे करारनामा. फॅशनगृह किंवा घड्याळ कंपनी एखाद्या अभिनेत्रीस ठराविक मुदतीसाठी आपली प्रतिनिधी नेमते, तिला मोबदला देते, आणि त्या मुदतीत प्रतिस्पर्ध्याची वस्तू अंगावर दिसता कामा नये असे कलम घालते. हे कलम केवळ कागदी नसते. चार्लीझ थेरॉन हिने रेमंड वेल या स्विस घड्याळ कंपनीशी करार असताना 2006 च्या एका चित्रपट महोत्सवात डिऑर या फॅशनगृहाचे घड्याळ घातले, म्हणून कंपनीने तिच्यावर न्यायालयात दावा गुदरला आणि पुढे तो तडजोडीने मिटला. म्हणजे मनगटावर घड्याळ कोणते, या प्रश्नाचाही निवाडा न्यायालयापुढे होऊ शकतो.

या दडपणातून बाहेर पडण्याचे मार्ग काहींनी शोधले आहेत, आणि ते मला विशेष आदरणीय वाटतात. 1962 साली 'वेस्ट साइड स्टोरी'साठी पारितोषिक घेताना रीटा मोरेनो हिने काळ्या-सोनेरी वेलबुट्टीचा जो पोशाख घातला होता, तोच थोडा बदलून तिने 2018 च्या ऑस्करला पुन्हा घातला. 2020 साली वाकीन फीनिक्स या नटाने त्या हंगामातील सर्व समारंभांस एकच सूट घालण्याचे जाहीर केले आणि तो शब्द पाळला.

मुंबईतील अड्डे

आता त्या भरतकामाकडे वळावयाचे, ज्याच्यावाचून यांतील कितीतरी पोशाख नुसते साधे कापड राहिले असते. पॅरिस आणि मिलान येथील मोठ्या फॅशनगृहांचे भरतकाम मोठ्या प्रमाणावर मुंबईत होते. कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. या चौकटीस अड्डा म्हणतात, आणि तिच्याभोवती अनेक कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतात. त्यांच्या हातात आरी असते, म्हणजे टोकाशी बारीक आकडा असलेली सुई. कारागीर एका हाताने कापडाखाली दोरा धरतो, दुसऱ्या हाताने आरी वरून खाली टोचतो, आकड्यात दोरा अडकवून तो वर ओढतो, आणि त्या फेऱ्यातून पुढचा फेरा काढीत साखळीसारखा टाका पुढे नेतो. जेथे मणी किंवा टिकली हवी तेथे ती त्याच फेऱ्यात ओवली जाते. सराईत हात हे काम इतक्या वेगाने करतो की पाहणाऱ्यास सुई दिसतच नाही. भरून झालेले तुकडे विमानाने युरोपास जातात, तेथे त्यांची शिवण होते, आणि पोशाखाच्या आतल्या चिठ्ठीवर पुष्कळदा तेथील देशाचे नाव लागते.

या कारागिरांपैकी बहुसंख्य उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून मुंबईत आलेले आहेत. त्यांच्या कामाच्या जागा सुरक्षित असाव्यात आणि त्यांना रास्त मोबदला मिळावा, या हेतूने काही विदेशी फॅशनगृहांनी 2016 साली 'उत्थान' नावाचा करार केला, तथापि लहान कारखान्यांपर्यंत त्याचा हात पुरेसा पोचलेला नाही. 30 मार्च 2023 रोजी डिऑरने आपला वस्त्रसोहळा मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर केला, आणि मुंबईच्या चाणक्य या भरतकामसंस्थेने तयार केलेले प्रचंड तोरण तेथे उभारले. या कारागिरांचे ऋण जाहीरपणे मान्य करण्याचा तो एक योग्य प्रसंग होता, पण असे प्रसंग फार थोडे येतात.

वस्त्रकर्त्यास त्याच्या नावाने गौरविता येते, याचा पुरावा तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या, मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या भानू अथैया यांस 1983 साली 'गांधी' या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, जॉन मोलो यांच्यासमवेत, ऑस्कर मिळाले, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. तेव्हा मराठी दैनिकांच्या व नियतकालिकांच्या संपादकांस एवढीच विनंती आहे की, लाल गालिच्यावरील छायाचित्र छापताना पोशाख कोणत्या फॅशनगृहाचा हे जसे आपण न विसरता लिहिता, तसेच त्यावरील भरतकाम कोणत्या कारखान्यात झाले याचीही चौकशी करावी, आणि जेथे उत्तर मिळेल तेथे ते नाव चित्राखाली अवश्य छापावे.